अण्णाचा अर्धा लोटा

अण्णा,

काल तुझं तेरावं झालं. आज सकाळच्या गाड्यांनी पाहुणे गेले, आणि दुपारी वहिनीनं तुझा तो पेला पदरानं पुसून माझ्या हातात ठेवला. "घिऊन जा गं ह्यो. मांडणीवर दिसला की सात वाजल्यागत वाटतंय मला," म्हणाली. मी पिशवीत घालायला लागले तशी पुन्हा म्हणाली, "जपून. लोटा फुटंल." चार बोटं उंचीचा साधा काचेचा पेला तो, पण वहिनी अजून त्याला लोटाच म्हणते. तू गेलास, तुझी चेष्टा मात्र घरात तशीच नांदते आहे.

तुझं जन्मगाव, तुझी नोकरी, तू किती सज्जन होतास हे सांगायला बाकीचे पुष्कळ आहेत. मला तुझ्याशी भांडायचं आहे. सोळा वर्षं चाललेलं आपलं भांडण तू मधेच टाकून गेलास, आणि त्यात माझी एक गोष्ट सांगायची राहून गेली. ती एकदम सांगायचा धीर होत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहिते. सुई टोचण्याआधी मी पेशंटशी हवापाण्याचं बोलायची, तसंच समज.

तुझी शुगर पहिल्यांदा निघाली तेव्हा रक्त मीच काढलं होतं. खानापूरच्या तहसील कचेरीतून तू निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, बेळगावच्या शहापुरात घर केलं होतंस, आणि "मला काय धाड भरली हाय?" हे तुझं ठरलेलं उत्तर होतं. रिपोर्ट आला आणि तुझं तोंड बंद झालं. तुला घेऊन मी आणि वहिनी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हैसूरकडचे, तेव्हा बेळगावात नवे, मराठीचा गंध नाही. तुझं कन्नड सरकारी कागदांत मुरलेलं, माझं लॅबपुरतं. वहिनी पडली कागलची. सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून या बाजूला, कर्नाटकात नांदायला आली त्याला तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती, तरी कन्नडात जेवण झालं का एवढंच तिला विचारता यायचं.

डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला, चालायला सांगितलं, गोळ्या लिहिल्या. तू सगळ्याला मान डोलावलीस आणि शेवटी, कचेरीत सवलतीचा अर्ज पुढे सरकवावा तशा आवाजात, संध्याकाळच्या वाईनचं विचारलंस. मी तुला चिमटा काढला. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. जो घेत नाही त्याला मी सुरू कर म्हणून कधीच सांगणार नाही, म्हणाले. तुम्ही घेताच आहात, तर जेवणाबरोबर घ्या, रिकाम्या पोटी कधीच नको, आणि दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी करून घ्या. मग बोट वर करून म्हणाले, "अर्ध लोट. अष्टे."

कन्नडात लोट म्हणजे पाणी प्यायचा पेला. अर्धा पेला, बस. पण वहिनीच्या कानात शिरला तो आपला मराठी लोटा.

त्या संध्याकाळी मी तुझ्याकडेच होते. वहिनीनं माळ्यावरून पितळी लोटा काढला, चिंचेनं घासून लखलखीत केला आणि तुझ्या ताटाशेजारी ठेवला. डोळे भरलेले. "एवढं वाढलंय व्हय हो तुमचं दुखणं? रोज अर्धा लोटा प्यायला सांगितलाय म्हणजे काय थोडकं झालं?" मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे. तुला जो ठसका लागला तो थांबेना. आणि तू एवढा डांबरट, की तिला आठ दिवस खरं सांगितलं नाहीस. त्या लोट्याच्या तळाशी चमचाभर ओतायचास आणि गंभीर चेहरा करून दोन्ही हातांनी धरून प्यायचास. शेवटी मीच फोडलं. वहिनी दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः खडेबाजारात जाऊन हा पेला घेऊन आली आणि तुझ्यापुढं आपटला. "ह्यो घ्या तुमचा लोटा."

तुझ्या त्या सवयीचं मूळ कणकुंबीला होतं हे मला ठाऊक आहे. तिकडं तुझी दोन वर्षं बदली होती. कपडे वाळत नाहीत, काड्यापेटी पेटत नाही, असली ओल. सरकारी बंगल्याची डागडुजी करायला गोव्याचा एक म्हातारा मेस्त्री आला होता. तो रोज सातला हातपाय धुवायचा, मासळी आणि पाव पुढ्यात घ्यायचा आणि एक पेला लाल वाईन तासभर पुरवायचा. त्याचे नियम दोनच होते, तू मला शंभर वेळा सांगितलेस. उभ्यानं प्यायची नाही आणि एकट्यानं प्यायची नाही. तुला वाईनपेक्षा त्याचं ते बसणं आवडलं होतं असं तू म्हणायचास. मी म्हणायची, "बसणं आवडलं तर ताक घेऊन बस की."

पण तू त्या दोन नियमांवर तुझे आणखी चार चढवलेस. चालून आल्याशिवाय लोटा नाही. अर्धा तास, रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत. आठच्या आत जेवण. गोड खाल्लं त्या दिवशी लोटा नाही. सोमवारी आणि एकादशीला नाही. माझ्या लॅबमधली चिकटपट्टी मागून घेतलीस, पेल्याला बरोबर मध्यावर लावलीस आणि तिच्यावर बॉलपेननं लिहिलंस, 'अ. लो.' पट्टीच्या वर थेंब जायचा नाही. वहिनी शेजारी ताक घेऊन बसायची, एकट्यानं प्यायची नाही हा मेस्त्रीचा नियम पाळायला. पुढ्यात उकडलेले हरभरे. मी शनिवारी यायची आणि तोंड वाकडं करून ते हरभरे संपवायची.

"काय गं सुमे," तू म्हणायचास, "मी आज फाटकापर्यंत दोन येळा जाऊन आलो. मगच घेतलो."

"घेतलो काय? घेतला म्हणा. सुरेख मराठी हाय तुमची," वहिनी म्हणायची. आमच्या बेळगावी बोलण्याला ती जन्मभर हसली.

तुझे रिपोर्ट चांगले येत होते हे मी कबूल करते. तेव्हाही करायला हवं होतं. तीन महिन्यांची शुगर सातच्या आत, यकृत ठीक, वजन जिथल्या तिथं. रिपोर्ट घेऊन तू माझ्यापुढं मिशीला पीळ द्यायचास. "द्राक्षं खाल्ली की शुगर वाढत्याय आणि द्राक्षं प्याली की उतरत्याय. तुझ्या शास्त्रात हाय काय ह्याचं उत्तर?" मी तुला समजावून सांगायची, की यकृत वाईन निस्तरण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडायचं विसरतं, आणि वर तुझी गोळी, त्यामुळं साखर उतरून माणूस घामानं थबथबून पडू शकतो. तू म्हणायचास, म्हणून तर जेवणासंगं घेतो. मी म्हणायची, तुझी शुगर वाईननं नव्हे, फाटकापर्यंत चालल्यानं खाली आहे. तू म्हणायचास, आणि चालतो कशासाठी? यावर मी आवाज चढवायची.

मग कात्रणांची लढाई सुरू झाली. म्हातारपणी थोडी वाईन हृदयाला बरी, असं कुठंही छापून आलं की तू ते कापून मला पाठवायचास. एक थेंबही वाईट, असं आलं की मी तुला पाठवायची. पुढं मोबाईलवर तेच. एका दिवशी तर दोघांनी एकाच वर्तमानपत्राची दोन कात्रणं एकमेकांना धाडली. वहिनीनं दोन्ही घेऊन डब्यात चपात्यांखाली घातली.

तू मला कधी विचारलं नाहीस की मी एवढी का चिडते. विचारायची गरज नव्हती. आमच्या ह्यांनीही मोजूनच सुरू केली होती. पहिल्यांदा सणावाराला, मग रविवारी, मग रोज. माप हळूहळू सरकत गेलं आणि ते सरकताना मला दिसलं नाही, मी रोज दुसऱ्यांचं रक्त तपासत असून. त्यांच्या यकृताचा शेवटचा रिपोर्ट मीच टाईप केला. म्हणून तुझ्या पेल्यावरच्या त्या पट्टीवरून मी नजर काढायची नाही. तू पट्टी वर सरकवतोस असा आरोप मी तुझ्यावर किती वेळा केला असेन! तू नुसता हसायचास. ते हसू मला तेव्हा चोराचं वाटायचं.

आणि अण्णा, मला रक्त तपासायला शिकवलं कुणी? तूच. बारावी झाली होती, आप्पा माझ्यासाठी स्थळं बघत होते आणि मला बेळगावात लॅबचा कोर्स करायचा होता. आप्पांपुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. तू म्हणालास, अर्ज कर. मी वहीच्या पानावर 'महोदय' घालून खरोखरच अर्ज लिहिला. तू तो मांडीवर घेऊन समासात शेरा मारलास, 'अर्जदार हुशार आहे. शिफारस. मंजूर करावे,' खाली वळणदार सही, आणि आप्पांच्या पुढ्यात ठेवलास. शेतात कुणाला न भिणारे आप्पा सरकारी वाटणाऱ्या कागदाला मात्र भ्यायचे. त्यांनी चष्मा शोधला, दोनदा वाचलं आणि सही केली. तुझी ती शेरा मारायची खोड मग घरभर पसरली. वहिनीच्या आमटीवरही तू शेरा द्यायचास, 'सादर, मीठ वाढवावे.' पण माझं सगळं आयुष्य तुझ्या एका शेऱ्यावर उभं आहे, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही. भांडणातून वेळ मिळाला नाही.

आता सुई टोचते.

दीड वर्षापूर्वी एका एकादशीला तू संध्याकाळी फिरायला गेलास आणि फाटकापाशी तुला चक्कर आली. ओळखीच्या रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. दिवसभर उपास आणि गोळी मात्र नेहमीसारखी घेतलेली, त्यामुळं साखर उतरली होती. एकादशी, म्हणजे तू थेंबही घेतला नव्हतास. हे मला कळत होतं. पण मी येऊन बघितलं तर तू पलंगावर पांढराफटक पडला होतास, आणि त्या जागी मला तू दिसेनास, आमचे हे दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी मी तुझं रक्त घेऊन गेले आणि सगळ्या तपासण्या लावल्या.

संध्याकाळी तुझा फोन आला. कागद माझ्यासमोरच होता. सगळं बेताचं होतं. ट्रायग्लिसराइड तेवढं थोडं वर होतं. रक्तातली ती एक चरबी, दारूनं वाढते, गोडानं वाढते, बसून राहिलं तरी वाढते. एकशे बासष्ट. दीडशेच्या आत असावं लागतं, म्हणजे काळजीचं फार नव्हतं.

"किती गं?" तू विचारलंस.

दोनशे बासष्ट, असं माझ्या तोंडातून निघालं. निघालं म्हणणं ही पुन्हा लबाडी झाली. मी म्हणाले. शुद्धीवर असताना, कागदावर बोट ठेवून, शंभर वाढवून म्हणाले. वर असंही म्हणाले, की हे वाईनचंच आहे, आणि कागद माझ्याकडेच राहू दे, मी डॉक्टरांना दाखवते. चाळीस वर्षांत मी कुणाचा आकडा फिरवला नव्हता. ओळखीच्यांचा नाही, पुढाऱ्यांचा नाही, लग्न जमवायला आलेल्यांचा नाही. फिरवला तो तुझा.

तू म्हणालास, "बरं. आजपासून बंद." मी कात्रणं शेजारी काढून ठेवली होती, कंबर कसून बसले होते, आणि तू शब्दानं वाद घातला नाहीस. उरलेली अर्धी बाटली वहिनीला मोरीत ओतायला लावलीस. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण मी इतकी खूश झाले होते, की देवापुढं साखर ठेवली.

पुढं काय झालं ते तू जाणतोस. लोटा गेला तसा सातचा ठेका गेला. सात नाहीत तर साडेसहाला निघायची घाई कशाला? आधी एक दिवसाआड चालायला लागलास, मग नुसता कोपऱ्यापर्यंत. जेवण टीव्हीसमोर सरकत सरकत साडेनवावर गेलं. गोड खाल्लं तर लोटा नाही हा नियम आता कुणाला लागू? घरात कुंदा आला, आपली बेळगावची खव्याची मिठाई. तू, जो सोळा वर्षं लग्नाच्या पंगतीतसुद्धा जिलेबीवर हात आडवा धरायचास, तो रोज कुंद्याचं पुडकं सोडायला लागलास. तीन महिन्यांची शुगर सव्वाआठवर गेली. हा आकडा मी तुला खरा सांगितला. तू म्हणालास, "बरं."

मी तुला ओढून फिरायला न्यायला लागले. तू शंभर पावलांवर थांबलास आणि म्हणालास, "कशाला चालायचं गं? तिकडं काय हाय आता?" मी म्हटलं, तब्येतीसाठी. तू माझ्याकडं बघितलंस आणि घराकडं वळलास. तेव्हाच सांगायला हवं होतं. चूक झाली अण्णा, आकडा खोटा होता, हवं तर घे तुझा अर्धा लोटा, पण चाल. एवढंच म्हणायचं होतं. चाळीस वर्षांची अब्रू आड आली.

गेल्या थंडीत आपण तिघं कणकुंबीला गेलो. तुला तो जुना बंगला बघायचा होता. बंगला ओळखू येईना, मग आपण देवळाच्या पायरीवर बसलो. वहिनी आत ओटी भरत होती. जंगलाकडून गार वारा येत होता आणि तू मफलर कानावर ओढून अगदी आनंदात होतास. मी म्हणाले, "अण्णा, मला तुला एक सांगायचं आहे." तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. "सुमे, काय बोलू नको. बस नुसती." आणि मी बसले. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते.

तू गेलास त्या दुपारी डॉक्टर घरी आले होते. आता त्यांचे केस पांढरे झालेत आणि मराठी छान येतं, आपल्यासारखंच बिघडलेलं. सगळं आटोपल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, आकड्यासकट. ते डोळे मिटून ऐकत होते. वाईन सोडवली म्हणून अण्णा गेला का, एवढंच मला विचारायचं होतं.

"वाईनचं मला गोत्तिल्ला, ठाऊक नाही, आक्का," म्हणाले. "आज एक छापतात, उद्या दुसरं. मी कुणाला घ्या म्हणणार नाही. अठ्ठ्याहत्तर वय होतं, शुगर होती, हृदय थकलं होतं. एकाच गोष्टीवर बोट कसं ठेवू?" मग दारात वहाणा घालताना म्हणाले, "चालणं मात्र बंद करायला नको होतं."

हे वाक्य घेऊन मी तेरा दिवस पाहुण्यांत वावरले. वहिनीच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

आज दुपारी पेल्याबरोबर तिनं तुझी फाईलही दिली. "ही बी तुझीच. समदे रगताचे कागद हाईत. मला त्यातलं काय कळतंय?" मी घरी आले तेव्हा सहा वाजत होते. आधी पेला काढला. ती चिकटपट्टी अजून तिथंच आहे, डिंक पिवळा पडलाय, अक्षरं पुसट झालीत, पण पट्टीच्या वर किंवा खाली काचेवर डिंकाचा दुसरा डाग कुठं नाही. म्हणजे ती कधीच सरकली नव्हती. माझ्याकडे लॅबमधलं जुनं मोजपात्र आहे. पट्टीपर्यंत पाणी भरलं आणि त्यात ओतलं. नव्वद मिली. डॉक्टरांचा अर्धा पेला, थेंबही जास्त नाही. साऱ्या गावाचं रक्त मापणाऱ्या बाईनं सोळा वर्षांत हे एकदाही मापलं नव्हतं, नुसते आरोप केले होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून तुझी माफी मागितली. मोठ्यानं. शेजारीण खिडकीतून बघत होती, बघू दे.

मग फाईल उघडली. अगदी तुझी फाईल. हिरवी दोरी, प्रत्येक कागदाला पान नंबर, आणि प्रत्येक रिपोर्टाच्या समासात शेरा. 'समाधानकारक.' 'भात कमी करावा.' 'सुमीस दाखवून चिडवावे.' हा वाचून मी हसले, खरंच हसले. मग दीड वर्षापूर्वीच्या महिन्यापाशी आले आणि माझे हात थांबले. तिथं कागद असायला नको होता. तो मी तुला दिलाच नव्हता.

पण तो होता. लॅबचा रिपोर्ट, वर 'दुसरी प्रत' असा शिक्का आणि आपल्या फोनच्या दुसऱ्या दिवशीची तारीख. म्हणजे दुसऱ्याच सकाळी, चक्कर येऊन दोन दिवस झाले नव्हते तर, तू मी नसताना लॅबच्या खिडकीशी गेलास आणि प्रत काढून आणलीस. तुझ्यासारखा कारकून तोंडी आकड्यावर विश्वास ठेवील असं मला वाटलं तरी कसं? एकशे बासष्टच्या खाली तू फूटपट्टी लावून रेघ ओढली आहेस. आणि समासात, आप्पांपुढं ठेवलेल्या अर्जावर होतं त्याच वळणात:

'कागदावर १६२. सुमी २६२ म्हणते. ती आजवर खोटे बोललेली नाही, त्या अर्थी फार भ्यालेली दिसते. सुमीचे खरे धरावे. प्रकरण बंद.'

खाली सही.

अण्णा, तुला माहीत होतं. दीड वर्ष माहीत होतं. माझ्यासाठी तू लोटा सोडलास, आणि मी लाजू नये म्हणून कणकुंबीच्या पायरीवर मला बोलूही दिलं नाहीस. आधी रडले, मग तुझा असा राग आला की काय सांगू. मोठेपणा करायचा तर पुरता करायचा होतास. वाईन सोडलीस ते सोडलीस, चालणं का सोडलंस? ते कुणी सांगितलं होतं? तुझ्या शेऱ्यात तरी कुठं होतं? मला एकदा बोलावून थोबाडीत दिली असतीस, म्हणाला असतास की सुमे, खोटारडे, चल आता माझ्यासंगं फाटकापर्यंत, तर मी रोज आले असते. तुझ्या शेजारी ताक घेऊन बसले असते.

आणि हेही सांगते, की वाईन औषध आहे हे मला अजून पटलेलं नाही. तू समोर असतास तर आत्ताही भांडले असते. कात्रणं आहेत माझ्याकडे.

घड्याळात सात वाजले. वहिनीला फोन केला. म्हटलं, उद्यापासून साडेसहाला तयार राहा, मी येते, दोघी फाटकापर्यंत जाऊ. ती म्हणाली, "मला कुठलं जमतंय गं एवढं लांब?" मी म्हटलं, जमेल तेवढं. मग म्हणाली, "मग येताना त्यो लोटा परत आण. ताक त्यातनंच पिऊ."

फोन ठेवून मी पेन घेतलं. तुझ्या सहीच्या खाली समासात बोटभर जागा शिल्लक होती. रिपोर्टवर सही करताना करते तशी आधी आजची तारीख घातली आणि लिहिलं:

'१६२ हाच आकडा बरोबर. सुमी खोटे बोलली. प्रकरण चालू ठेवावे.'